चौथा दिवा

कौस्तुभ मगदूमला गोष्ट सांगता यायची, लढाई रंगवता यायची नाही. हे त्याच्या तोंडावर सांगणारी तीन माणसं दर रविवारी दुपारी त्याच्यासमोर बसत, आणि त्यातली एक त्याची सख्खी धाकटी बहीण असल्यामुळे भीडभाड ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

खेळ तसा साधा होता. तिघांनी तीन वीर व्हायचं. चौथा सूत्रधार, बाकीचं सगळं जग त्याचं. जंगल तो, राजा तो, वाटेतली म्हातारी तो आणि गुहेतला राक्षसही तोच. आपला वीर काय करतो ते खेळाडूने तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते वीस पैलूंच्या फाशाने ठरवायचं. सूत्रधाराच्या पुढ्यात पुठ्ठ्याचा उभा पडदा असे. त्यामागे तो शत्रूंचे फासे टाकी आणि काय पडलं ते सांगे. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, असा रिवाज.

मिरजेत हा खेळ चाले प्रज्वल आवटीच्या वर्कशॉपमध्ये. प्रज्वल दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करायचा. पण हल्लीची यंत्रं आपली दुखणी आपणच कंपनीला कळवत आणि कंपनी लगेच नवं यंत्र धाडून देई, त्यामुळे प्रज्वलकडे जुन्या ईसीजी मशिनी आणि रिकामा वेळ असं दोन्ही भरपूर साठलं होतं. खेळात तो धोंडू वैद्य होता. जखमीला आधी शिव्या द्यायचा, मग औषध. जास्मिन मुजावर एका मोठ्या दवाखान्यात सिस्टर होती आणि खेळात बिजली नावाची चोरटी. कौस्तुभची बहीण शाल्मली मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. ती होती काशी नावाडीण. काशीकडे तलवार नव्हती. ती वल्ह्याने मारायची, आणि मारण्याआधी न चुकता नदीची परवानगी मागायची. नदी म्हणजे अर्थात कौस्तुभच, आणि ती नेहमी हो म्हणायची.

कौस्तुभ ज्युनियर कॉलेजात गणित शिकवत असे, आणि लढाई आली की त्याच्यातला गणिताचा मास्तर जागा होई. मी मारतो, लागलं, सात प्राण वजा. तो मारतो, चुकला. आता तू मार.

"ही लढाई आहे की किराणा मालाची यादी?" जास्मिनने एकदा जांभई देत विचारलं होतं. "सांग की, तूरडाळ कधी येणार?"

मधली काही वर्षं तर लढायांनी मानच टाकली होती. शाल्मलीला तेव्हा कॅन्सर झाला होता. आई-वडील गेलेले, कौस्तुभचं लग्न जमलं नव्हतं आणि शाल्मलीने केलं नव्हतं, त्यामुळे घर म्हणावं तर ही दोघंच एकमेकांची. त्या काळात काशीवर येणारा प्रत्येक घाव पडद्यामागे चुकायचा. राक्षसांना डोळे आलेत की काय असं वाटावं इतका हमखास चुकायचा. शाल्मली बरी झाली, डोक्यावर केस पुन्हा आले, पण कौस्तुभचा हात काही बदलला नाही. काशी मरत नाही हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. जी मरणार नाही तिची लढाई बघायला कोण उत्सुक असणार?

मग प्रज्वलने ती चटई आणली.

दिसायला ती जेवणाच्या टेबलावर अंथरतात तशीच होती, जाडसर आणि राखाडी. चार कडांना चार मऊ चकत्या. खेळताना प्रत्येकाने आपलं मनगट चकतीवर टेकवून ठेवायचं. तिच्यातून निघालेली वायर पडद्यामागच्या एका पट्टीला जोडलेली, आणि त्या पट्टीवर चार बारके दिवे आणि एक छोटा काचेचा पडदा.

"माणूस वाट बघतो तेव्हा त्याचं काळीजही वाट बघतं," प्रज्वल म्हणाला. "हे मी नाही शोधलं, जुनंच आहे. नाणं उडालंय, अजून खाली पडलेलं नाही. त्या क्षणी हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित वाढतं. ठोका रेंगाळतो. निकाल लागला की मग धडधड. धडधडीला काही अर्थ नाही रे, ती जिना चढल्यावर पण होते. पण हा रेंगाळलेला ठोका जिना चढून येत नाही. त्याला दोन गोष्टी लागतात. पुढं काय होणार ते ठाऊक नसलं पाहिजे, आणि त्याचं आपल्याला काहीतरी पडलेलं पाहिजे."

"आणि दिवा?"

"ठोका रेंगाळला की त्या माणसाचा दिवा लागतो. थोडा वेळ तसाच राहतो, म्हणजे तुला बघायला सवड मिळते. कुणाचा दिवा लागेना झाला की समज, गडी कंटाळला. चटई शिकत जाते, कुणाला कशाची वाट बघायला लावता येते ते. आणि तुला या छोट्या पडद्यावर सुचवते, पुढं काय कर."

प्रज्वलने तिचं नाव ठेवलं होतं चाहूल.

चौथा दिवा सूत्रधाराचा होता. तो बघून शाल्मलीला हसू फुटलं. "प्रज्वल, हे बेस्ट केलंस. दादा फासा खोटा सांगणार असेल तर त्याला वाट बघायचं कारणच नाही. दिवा लागणार नाही आणि हा रंगेहाथ सापडेल. मी अधूनमधून डोकावून बघणार."

"सूत्रधाराला कसली आलीय चाहूल?" कौस्तुभ म्हणाला. बाजूलाच मलमपट्टीच्या चिकटपट्टीचं रीळ पडलं होतं. त्याने तुकडा फाडला आणि चौथ्या दिव्यावर चिकटवून टाकला. तिघांनी त्याची हुर्यो उडवली.

पहिल्याच लढाईत फरक पडला. आटलेल्या तळ्याच्या तळाशी एक देऊळ होतं आणि त्याच्या दारात मिठाचा राक्षस उभा होता. एरवी कौस्तुभने त्याला शंभर प्राण देऊन ठेवले असते आणि तिघांनी ते बसून वजा केले असते. जास्मिनचा दिवा मंद झाला. चाहूलने सुचवलं, पाणी येऊ दे. कौस्तुभने तळ्यात पाणी सोडलं. राक्षस पायाकडून विरघळायला लागला, पण देवळात कोंडलेली माणसंही बुडायला लागली. आता लढायचं की दार फोडायचं? प्रज्वल खुर्चीतून अर्धवट उठला. थोड्या वेळाने पुन्हा जास्मिनचा दिवा गेला. चाहूल म्हणाली, शत्रूला बोलू दे.

"मार की," राक्षस बिजलीला म्हणाला. कौस्तुभचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "फक्त माझं पिल्लू आत आहे. ते पण मिठाचं आहे. त्याच्यापर्यंत पाणी जाऊ देऊ नकोस."

जास्मिनने हातातला फासा खाली ठेवला. वॉर्डात माणसं मरताना बघून चहा प्यायला जाणारी बाई, पण तिने डोळे पुसले आणि वर कौस्तुभलाच दोन शिव्या हासडल्या.

तिन्ही दिवे लखलखत होते. कौस्तुभला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की कंटाळा शत्रू दुबळा असल्यामुळे येत नाही, शेवट दिसल्यामुळे येतो. काशीलाही त्याने त्या दिवशी खरोखर मारलं. पडलेला आकडा जसाच्या तसा सांगितला. शाल्मलीने जखमेवर हात दाबावा तसा खांदा दाबून धरला आणि ती खूश होऊन ओरडली, "अरे वा! शेवटी लागलं एकदाचं!"

पावसाळा संपेपर्यंत कौस्तुभ मगदूमच्या लढाया बघायला कोल्हापूर-बेळगावहून पोरं यायला लागली होती. चित्रफिती फिरल्या. बंगळुरूची एक कंपनी चाहूल विकत घ्यायला तयार झाली, आणि चटईबरोबर कौस्तुभने रचलेल्या लढायाही. कॉलेजात त्याला मागून 'वजाबाकी' म्हणणारी पोरं आता सह्या मागायला लागली. कौस्तुभ हवेत होता. आयुष्यभर फळ्याकडे तोंड करून बोललेल्या माणसाला लोक टक लावून ऐकतायत हे कळलं तर तो हवेत जाणार नाही तर काय करणार.

आणि दिवाळीनंतर शाल्मलीचा दिवा लागेनासा झाला.

पहिल्या रविवारी त्याला वाटलं वायर सुटली. प्रज्वलने तपासली, ठीक होती. चाहूलने सुचवलं, शाल्मलीवर घाव. कौस्तुभने घाव घातला. दिवा काळाच. पुढच्या रविवारी चाहूल म्हणाली, आणखी. काशीचा एक डोळा गेला. तिची होडी जळाली, जी शाल्मलीने स्वतःच्या हाताने रंगवून टेबलावर ठेवली होती. तिचा म्हातारा कुत्रा मेला. फासा टेबलावर गरगरत असे, जास्मिन आणि प्रज्वल श्वास धरून बसत, आणि शाल्मली खिडकीबाहेरच्या चिंचेकडे बघत असे.

"गेला कुत्रा," कौस्तुभ म्हणाला.

"बरं," शाल्मली म्हणाली. "पुढं?"

त्याला राग येऊ लागला. एखाद्या हुशार विद्यार्थिनीने मुद्दाम कोरा पेपर द्यावा तसं त्याला वाटे. चाहूल सुचवत गेली आणि तो मारत गेला, कारण चटईला विझलेल्या दिव्याचा एकच अर्थ शिकवलेला होता आणि कौस्तुभने दुसरा शोधला नव्हता. प्रज्वलने सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी दुसरी तो साफ विसरला होता.

कंपनीची माणसं प्रयोग बघायला मिरजेला यायची ठरली. त्याच्या आदल्या आठवड्यात तो शाल्मलीबरोबर रिक्षाने परतत होता. रिक्षाला चालक नव्हता, त्यामुळे मोकळेपणाने बोलता आलं.

"शालू, कंटाळा आलाय तर सांग की सरळ."

"नाही रे."

"दिवा खोटं बोलत नाही. सगळ्यांचा लागतो, तुझा लागत नाही. बाहेरच्या माणसांसमोर तू अशी बसलीस तर काय दिसेल? माझीच बहीण, आणि तिलाच लढाईत रस नाही."

शाल्मलीने शाल घट्ट ओढून घेतली. ती हल्ली बारीक दिसते हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि तसं तो म्हणालाही होता. तेव्हा तिने शाळेच्या स्नेहसंमेलनाचं कारण सांगितलं होतं.

"या रविवारी तू येऊ नकोस," तो म्हणाला. "कंपनीतलंच कुणीतरी काशी खेळेल. एवढा एकच दिवस."

"काशी दुसरं कुणी खेळेल?"

"एकच दिवस गं."

"ठीक आहे दादा," ती म्हणाली. मालगाव रस्त्याच्या वळणावर रिक्षा थांबली तेव्हा ती मागे न बघता उतरून गेली.

प्रयोग झकास झाला. कंपनीतल्या एका पोराने काशी खेळली आणि तिसरा दिवा भगभगून लागला. माणसं टाळ्या वाजवून, हात मिळवून गेली. प्रज्वल त्यांना सोडायला स्टेशनवर गेला. जास्मिन मागे राहिली. वर्कशॉपच्या कोपऱ्यात गॅसवर चहा ठेवून ती त्याच्याकडे पाठ करून उभी होती.

"कौस्तुभ, प्रज्वलने एक चटई मला दिलीय. आमच्या वॉर्डात पेशंट पत्ते खेळतात, त्यांच्यासाठी. तुला ठाऊक आहे ना मी कुठल्या वॉर्डात असते?"

त्याला ठाऊक होतं. जिथून माणसं घरी जात नाहीत, तो वॉर्ड.

"तिथं बरेचजण हसत-खेळत असतात रे. पत्ता चांगला आला तर हसतात, वाईट आला तर चिडवतात. पण पान उलटायच्या आधी त्यांचा दिवा लागत नाही. नवीन आलेल्यांचा लागतो. डॉक्टरांच्या हातात आता काही उरलेलं नाही हे ज्यांना कळलेलं असतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा लागत नाही." तिने गॅस बंद केला. "मी आधी बोलणार होते. पण तिने मला काही सांगितलेलं नाही, आणि न सांगितलेलं मी कसं बोलू? आज तिची खुर्ची रिकामी बघितली आणि राहवलं नाही. तो कंटाळा नाही, कौस्तुभ. तू तिला विचारलंस का कधी?"

चहा तसाच राहिला.

शाल्मलीने दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला रंग लागला होता. टेबलावर काशीची जळलेली होडी होती, म्हणजे खेळात जळलेली. शाल्मली ती पुन्हा रंगवत होती, काळपट, भोकं पडलेली. तिने कौस्तुभचा चेहरा बघितला आणि ब्रश पाण्यात बुडवून ठेवला.

"जास्मिनने ओळखलं, होय ना?"

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधी कळलं. यकृतात गेलंय. औषध घेतलं तर थोडं लांबेल म्हणाले. मी नको म्हटलं. मागच्या वेळचं सगळं परत नको होतं मला."

"आणि मला सांगितलं नाहीस?" त्याचा आवाज चढला. "मी कोण तुझा? शेजारी?"

"तुला सांगितलं असतं तर तू काशीला पुन्हा अमर करून टाकलं असतंस." ती खुर्चीवर बसली, उभं राहणं तिला जड जात होतं हे त्याला आत्ता दिसलं. "तुला काय वाटलं, मला कळत नव्हतं? पडद्यामागं वीस पडलेले तुझ्या तोंडावर दिसायचे आणि तू सांगायचास तीन. दादा, मी मरायला टेकलेय हे मला डॉक्टरांच्या आधी तुझ्या फाशांनी सांगितलं होतं."

कौस्तुभ तिच्यासमोर खाली फरशीवरच बसला.

"आणि आता मी तुला मारत सुटलो," तो शेवटी म्हणाला. "दर रविवारी. डोळा काढला. कुत्रा मारला तुझा."

"होय की, मारलास. त्याचं काही नाही. उलट बरं वाटायचं. कुणाला ठाऊक नव्हतं तोवर सगळे माझ्याशी नीट भांडत होते. फक्त मला फाशाची वाट बघता येईना. काहीही पडलं तरी घरी येऊन तेच." तिने हाताचा रंग फडक्याला पुसला. "राग एकदाच आला. रिक्षात. काशी दुसऱ्याला दिलीस तेव्हा."

त्याने तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं आणि तो रडला, मोठ्याने, लाज न बाळगता. शाल्मलीने त्याच्या केसांवरून हात फिरवला. रंगाचा एक निळा डाग त्याच्या कपाळाला लागला, तो तिने पुसला नाही.

"काय करू सांग," तो म्हणाला.

"एक लढाई दे मला. खरी. आणि पडदा नको."

मधल्या दिवसांत त्याने बंगळुरूला फोन लावला. दिवा विझला तर मारू नका, आधी माणसाला विचारा, एवढं चटईत घाला, असं तो सांगत होता. पलीकडची बाई मराठीच होती, सोलापूरकडची, आणि बोलायला फार गोड. "सर, तुमचं म्हणणं पटतंय. पण मशीनला धोका वाढवता येतो नाहीतर कमी करता येतो. विचारणं आमच्या प्रॉडक्टमध्ये कसं बसवणार? आणि सर, खेळाचं सोडा, आता शिकवणीवाल्यांची पण मागणी आलीय. बाकाबाकाला चटई. पोरगं लक्ष देत नसलं की सरांना लगेच दिवा दिसणार." कौस्तुभने विचारलं, दिवा दिसल्यावर सर काय करणार? ती हसली आणि म्हणाली, ते सरांवर आहे. प्रज्वल म्हणाला, सही करून बसलोय, आता आपल्या हातात काही नाही. कौस्तुभला तेव्हा बाकांच्या रांगा दिसल्या, त्यांवर टेकलेली मनगटं, आणि कुठल्यातरी विझलेल्या दिव्याकडे रागाने बघणारा आपल्यासारखाच एक मास्तर.

लढाईच्या दुपारी जास्मिन शाल्मलीला घेऊन आली. खुर्चीत दोन उशा घातल्या. प्रज्वल तिच्याकडे बघायचं टाळत होता, तेव्हा शाल्मलीच म्हणाली, "धोंडू वैद्या, जखमी दारात आलाय, शिव्या कोण देणार?" प्रज्वलने कशाबशा दोन दिल्या. त्या त्याच्या नेहमीच्या मानाने फारच सपक होत्या.

कौस्तुभने पडदा मिटून भिंतीला टेकवला. दिव्यांची पट्टी उघड्यावर आली.

"ती पण काढ," शाल्मलीने चौथ्या दिव्याकडे बोट दाखवलं. "आज सगळं उघडं."

त्याने नखाने चिकटपट्टी सोलून काढली आणि टेबलाच्या कडेला लावून ठेवली. मग चाहूलचा छोटा पडदा बंद केला. दिवे राहू दिले. आज चटईने सुचवायचं नव्हतं, फक्त बघायचं होतं.

गोष्ट त्याने सावकाश सांगितली. पूर आलेली नदी, तिच्यावर एकच दोर, आणि दोराला धरून पलीकडे जाणारं अख्खं गाव. म्हातारे, लेकुरवाळ्या, शेरडं. बिजली पुढे होती, वैद्य मध्ये. अलीकडच्या काठावर दोराचं टोक धरून काशी उभी होती, एका डोळ्याची, होडी नसलेली. शेवटचं माणूस पार होईपर्यंत तिने दोर सोडायचा नव्हता.

"शत्रू कोण आहे?" जास्मिनने विचारलं.

"शत्रू कुणी नाही," कौस्तुभ म्हणाला. "पाणी वाढतंय."

शाल्मली पुढे झुकली. तिने वल्हं धरावं तशी मूठ वळली आणि नेहमीचे शब्द म्हटले. "माय, परवानगी दे."

कौस्तुभने तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत एकदाही न दिलेलं उत्तर त्याने दिलं. "नाही," नदी म्हणाली.

शाल्मलीच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटलं, भय म्हणावं तसं, आणि त्याच्या मागोमाग हट्ट. "नाही कशी? माझं गाव अजून दोरावर आहे. मी सोडणार नाही."

"मग लाट येते. फासा मी टाकतो, टेबलाच्या मधोमध, सगळ्यांसमोर." त्याने फासा मुठीत घेतला. "चारपर्यंत पडलं तर तू टिकलीस. पाच किंवा जास्त पडलं तर काशी गेली. पुन्हा काही नाही, वैद्य नाही, मंत्र नाही."

"कौस्तुभ!" प्रज्वल म्हणाला. "चारच?"

"बरोबर सांगतोय तो," शाल्मली म्हणाली. "एवढं पाणी आणि एकटी बाई. चारच." तिने मनगट चकतीवर टेकवलं. चिंचेकडे तिचं लक्ष नव्हतं. "टाक."

आपलं दुसरं मनगट चकतीवर टेकवून त्याने फासा सोडला.

फासा आपटला, उसळला, चटईच्या सुरकुतीला अडून पुन्हा वळला. तिघंही वाकली होती. कौस्तुभने पट्टीकडे बघितलं, आणि तिसरा दिवा लागला. दिवाळीपासून शाल्मलीसाठी न लागलेला तो दिवा पिवळाजर्द लागला. फासा एका कोपऱ्यावर गरगरत राहिला, कलला, आणि पडला.

तीन.

जास्मिन किंचाळली. प्रज्वलने टेबलावर मूठ आपटली आणि आता मात्र अस्सल, ठेवणीतली शिवी हासडली. शाल्मली दोन्ही हात वर करून हसत होती, दम लागेपर्यंत, खोकला येईपर्यंत. "टिकले! अरे टिकले मी! बघितलंत का? तीन! दादा, तीन पडले, आणि तू सांगितलेले नाहीत, पडलेत!"

"पडलेत," कौस्तुभ म्हणाला. तोही हसत होता. हसण्यात त्याने कसर ठेवली नव्हती.

हसता हसता शाल्मलीची नजर पट्टीवर गेली. तीन दिवे अजून लागलेले होते. चौथा काळा होता.

ती त्या दिव्याकडे बघत राहिली. मग तिने कौस्तुभकडे बघितलं. फासा खरा होता, मधोमध पडला होता, सगळ्यांनी बघितला होता; पण काहीही पडलं तरी घरी येऊन तेच, हे आता त्यालाही ठाऊक होतं. लपवायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं, आणि तोंड फिरवायलाही जागा नव्हती.

जास्मिन आणि प्रज्वल अजून बोलतच होते, पलीकडच्या काठावर आधी कोण पोचलं यावरून. शाल्मलीने टेबलाच्या कडेची चिकटपट्टी काढली. पहिल्यांदा ती वाकडी बसली. तिने ती उचलून पुन्हा नीट चौथ्या दिव्यावर लावली आणि अंगठ्याने दाबून बसवली, लहानपणी तो तिच्या खरचटलेल्या गुडघ्यावर दाबायचा तशी.

"चला," ती म्हणाली, "दोरावर अजून माणसं आहेत. पुढची पाळी कुणाची?"